पहिली प्रीती, पहिली कृत्ये

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आदरणीय ताई, प्रभूत सलाम. मी भुसावळला राहतो. रेल्वेत मालगाडीवर लोको पायलट आहे, वय 44. अठराव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात मी माझे जीवन प्रभूला दिले. त्या दिवसांत बायबल उघडले की वेळेचे भान राहत नसे, प्रार्थनेला बसलो की डोळे भरून यायचे. आता ड्यूटीवरून आलो की अध्याय वाचतो, पुस्तक मिटतो आणि काय वाचले ते आठवत नाही. रविवारी बहुधा गाडीवरच असतो. चर्चला जाणे झाले तरी उपदेश कानावरून जातो. दारू नाही, तंबाखू नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणे) चुकवत नाही, सुटी मिळाली की रविवारच्या शाळेत शिकवतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी तीन वर्षे बोलणे बंद आहे, पण तो घरगुती विषय झाला. दर वर्षी कन्व्हेन्शनला जातो, पुढे जाऊन प्रार्थना करून घेतो, महिनाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. मुलांना येशूबद्दल सांगताना आपण ढोंगी आहोत असे वाटते, म्हणून शिकवणे सोडायचा विचार आहे. माझी आत्मिक वाढ थांबली आहे का? मी काय करू?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, सलाम. आधी तुमच्या झोपेबद्दल विचारते. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, माझे लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. रात्री दोन वाजता कॉल आला की शेजारचे काका डबा घेऊन निघत आणि परवा दुपारी लाल डोळ्यांनी परत येत. पुढे मी नर्स झाले, आणि रात्रपाळी माणसाच्या मनाचे काय करते ते वॉर्डात जवळून पाहिले. तुम्ही लिहिता, ‘ड्यूटीवरून आलो की अध्याय वाचतो.’ खंडव्याहून किंवा बडनेऱ्याहून रात्रभर गाडी आणलेल्या माणसाला वाचलेले आठवत नसेल, तर त्याचा दोष त्याच्या आत्म्याला कसा द्यायचा?

1 राजे 19 काढा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानात एका झुडुपाखाली पडतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो. त्यानंतर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोचतो, आणि मग कुठे देव विचारतो, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ आधी भाकर आणि झोप, प्रश्न नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तेव्हा साइन ऑफ करून घरी आलात की जेवा, झोपा. उठल्यावर, मोबाईल हातात घेण्याआधी, वाचा. दहाच ओळी वाचा, पण जागेपणी वाचा.

ह्यातच एक सांगून ठेवते. झोप मिळूनही येत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन-तीन आठवडे चालले असेल, तर रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांना सरळ सांगा. 14416 ह्या सरकारी टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. नैराश्य हा आजार आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये त्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणतात, आणि त्यामुळे किती माणसे आतल्या आत झुरली ते मी पाहिले आहे. असे म्हणणे थांबले पाहिजे.

आता कन्व्हेन्शन. त्या सभांना मी नावे ठेवणार नाही. खान्देशात कितीतरी घरांत पहिला दिवा अशाच एखाद्या मांडवात लागला आहे. पण तुम्ही तुमची वाढ मांडवातल्या आसवांवरून मोजता आहात, आणि ते माप प्रभूने दिलेले नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला पाठवलेले पत्र आहे. ती मंडळी कष्टाळू, सोशीक, खोट्या प्रेषितांना ओळखणारी. थोडक्यात दशांश न चुकवणारी, तुमच्यासारखी. तिच्याविरुद्ध प्रभूचे एकच म्हणणे आहे, तिने आपली पहिली प्रीती सोडली. लोक इथे थांबतात आणि रडू लागतात. पुढची ओळ वाचा. प्रभू तीन गोष्टी सांगतो. कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. पहिल्या भावना परत आण असे तो म्हणत नाही, कारण भावना माणसाच्या हुकमात नसतात. हातपाय हुकमात असतात.

म्हणून एक वही घ्या आणि अठराव्या वर्षी तुम्ही काय *केले* ते लिहून काढा. काय वाटले ते नको. कुणाची माफी मागितली? कुणाचे पैसे, कुणाची वस्तू परत केली? कोणत्या मित्राला जाऊन सांगितले? कुठले व्यसन, कुठली संगत सोडली? त्या यादीतले काहीतरी आजच्या तुमच्या आयुष्यात नाही. ते काय आहे ते वहीच दाखवेल. मला मात्र त्यातले एक तुमच्या पत्रातच दिसले आहे, आणि तेच तुम्ही एका वाक्यात उरकले आहे.

भाऊ, थोरला भाऊ हा ‘घरगुती विषय’ नाही. लूक 12 मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला नेमके हेच म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू त्याला विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? आणि लगेच सगळ्यांना लोभापासून जपायला सांगतो. घर कुणाचे, किती खोल्या कुणाच्या, हे प्रभू ठरवून देत नाही. ते काम वकिलांचे, कागदांचे, चार समजूतदार नातेवाइकांचे. तुमचा हक्काचा हिस्सा सोडून द्या असेही मी म्हणत नाही. क्षमा करणे आणि कागद नीट करून घेणे दोन्ही एकाच वेळी चालू शकते. पण डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तय 5 मध्ये, तो म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण करणाऱ्याने उठून जायचे आहे. चूक कुणाची होती ह्याची चौकशी त्या वचनात नाही.

तुमचा कोरडेपणा ह्या अबोल्यामुळेच आला, असे मी छातीठोक सांगणार नाही. मला तुमचे अंतःकरण दिसत नाही. पण देवाचे एक स्पष्ट वचन तीन वर्षे बाजूला ठेवून त्याच देवाची बाकीची वचने रोज वाचायला बसलो, तर ती बोलत नाहीत, हे मी दवाखान्यात मरणाच्या दारातल्या कितीतरी ख्रिस्ती माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांची शेवटची विनंती फार क्वचित चर्चबद्दल असायची. बहुतेक वेळा ती एखाद्या भावाला, बहिणीला, सुनेला बोलावून आणा अशी असायची. पुष्कळदा तो भाऊ पोचायच्या आत सारे संपलेले असे.

कसे जायचे? फोनवर नको, फोनवर जुने हिशेब लवकर निघतात. सुटीच्या दिवशी, वहिनींना आधी कळवून, तुमच्या पत्नीला बरोबर घेऊन जा. घराचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ‘त्याचे आपण मामांना बसवून बोलू, आज मी तुला भेटायला आलोय’ एवढेच म्हणा. तुमच्या तोंडून गेलेले जे शब्द तुम्हाला आठवतात, त्यांची नावानिशी माफी मागा. ‘माझे काही चुकले असेल तर’ असे नको, त्या ‘तर’ला काही अर्थ नसतो. समोर जे वाढतील, शेवभाजी असो की कळण्याची भाकर, ते जेवून या. त्यांनी दार लावून घेतले तरी तुमच्या बाजूचे अर्पण ठेवून झाले. रोमकरांस पत्र 12 मध्ये पौल म्हणतो ते हेच, तुमच्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितके.

आणखी एक विचारण्याची धिटाई करते, मोठ्या बहिणीच्या नात्याने. तुम्ही दिलेल्या यादीत दारू, तंबाखू, दशांश, वर्ग सगळे आहे, प्रभू येशू कुठे आहे? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, शारदासदन चालवणारी, आणि तिने हे जगासमोर मान्य केले. केडगावच्या मुक्तिसदनातले 1905 चे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, त्यानंतरचे. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे तिचे प्रचंड काम त्यानंतरचे. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मृत्यूपूर्वी, 1922 मध्ये, तिने ते पुरे केले. तिची वाढ बाप्तिस्म्यापाशी संपली नाही, आणि मधली आठ वर्षे देवाने वाया जाऊ दिली नाहीत. तुमची अठरा ते चव्वेचाळीसमधली वर्षेही वाया गेलेली नाहीत. पण त्याच्याशी थेट बोला. ‘प्रभू, मला तू आवडेनासा झाला आहेस’ इतके उघड बोललात तरी चालेल. स्तोत्रकर्ते ह्याहून कडक बोलले आहेत.

झोपही झाली, भावाकडेही जाऊन आलात, आणि तरीही कोरडेच वाटले तर? तसे होऊ शकते, आणि मग त्याला पाप समजू नका. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांना ही अवस्था चांगली ठाऊक होती. इव्हाग्रियस नावाच्या त्यांच्यातल्या एकाने तिला दुपारचा दुरात्मा म्हटले, 91 व्या स्तोत्रातल्या भर दुपारच्या नाशावरून. सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आपली खोली नकोशी होते, दुसरीकडे कुठेतरी देव बरा भेटेल असे वाटू लागते. मे महिन्यातली भुसावळची दुपार ज्याने इंजिनात काढली आहे त्याला ही ओळ समजावून सांगायला नको. त्या लोकांचा उपाय एकच होता. जागा सोडू नकोस, हातातले काम चालू ठेव. मदर तेरेसांची खाजगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की त्यांनी अनेक दशके हाच अंधार सोसला होता. कोलकात्याच्या रस्त्यावरची माणसे त्या त्याच अंधारात उचलत होत्या.

म्हणून रविवारची शाळा सोडू नका. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा नियम आहे, कोरड्या काळात आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही. मी प्रॉटेस्टंट असूनही तो नियम मनापासून मानते. ढोंगी माणसाला आपल्या ढोंगाचे दुःख होत नाही, तुम्हाला ते झोपू देत नाही. मुलांना पुढच्या वर्गात 13 वे स्तोत्र शिकवा, ज्यात दावीद देवाला विचारतो, तू मला किती काळ विसरशील? मुलांनाही असे प्रश्न असतात, फक्त आपण त्यांना ते विचारू देत नाही. आणि एक करा, त्याच त्या नोहा-दानिएलच्या गोष्टी फिरवून सांगू नका. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लेखक वैतागून म्हणतो की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, पण तुम्हाला अजून दूधच लागते. जो शिकवतो त्याने स्वतः नवे काही शिकत राहिलेच पाहिजे. आमोस घ्या, हबक्कूक घ्या. हबक्कूक तीनच अध्यायांचा आहे आणि सुरुवातीपासून देवाशी भांडतो.

आता एकटेपणाबद्दल. हे मी शेवटी लिहिते आहे, पण कदाचित हेच आधी करायला हवे. इंजिनात तुम्ही आणि तुमचा सहायक, दोघेही सिग्नल मोठ्याने उच्चारता. एक म्हणतो, दुसरा पाहून परत म्हणतो. दोघांनाही दिसत असते, तरी म्हणता, कारण एकट्या डोळ्यांवर झोप कधी येईल सांगता येत नाही. विश्वासात तुमचा असा सहायक कुणीच नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते. पाळकसाहेबांना शेकडो घरे आहेत. लॉबीत, क्वार्टरमध्ये, मंडळीत एक जण शोधा, जो तुमच्यासारखाच अवेळी जागा असतो. आठवड्यातून एकदा भेटा, नाही जमले तर रनिंग रूममधून, बाहेरगावी ड्यूटीमध्ये विसावता तिथून, फोन करा. काय वाचले, कुणाशी बिनसले, काय लपवतो आहेस, एवढे एकमेकांना विचारा. याकोबाने पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. आपल्याकडे त्यातला दुसरा भाग मोठ्या उत्साहाने होतो, पहिला होतच नाही.

रविवार चुकतो ह्याची खंत असेल तर दिवसाला पाच स्तोत्रे वाचा. स्तोत्रे 150 आहेत, महिन्यात पुरी होतात, आणि कोणत्या तारखेला कोणती हे पाठ राहते, त्यामुळे रनिंग रूममध्येही चुकत नाही. माझे वडील शेडमधून आल्यावर हातावरचे काळे ग्रीस रॉकेलने धुऊन असेच वाचत, फोरमनशी भांडण झालेल्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी जरा मोठ्या आवाजात.

—

प्रश्न : ताई, मी नवापूर तालुक्यातली आहे, धुळ्याला नर्सिंग शिकते. गावच्या मंडळीत मावचीत गाताना, प्रार्थना करताना मन भरून यायचे. इथल्या चर्चमध्ये सगळे शुद्ध मराठीत असते, बायका छान प्रार्थना करतात, मला शब्दच सुचत नाहीत. मी मागे पडले का?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : अजिबात नाही, पोरी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी, अरब असे सगळे जमले होते, आणि प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये *आपापल्या* भाषेत ऐकली. पवित्र आत्म्याने सगळ्यांना आधी एकच प्रमाणभाषा शिकवली नाही. तू मावचीत प्रार्थना कर, हॉस्टेलवर आणि सभेतही. कुणी हसले तर हे वचन दाखव, प्रेषितांची कृत्ये 2. मराठी ख्रिस्ती लोकांनाही इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते गाऊन पूर्वी असेच परके वाटायचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगात, भजनात, कीर्तनात प्रभू आणला तेव्हा ती माणसे मोकळी झाली. तुझ्या भाषेत हे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे, आणि ते धुळ्या-मुंबईचे कुणी येऊन करणार नाही. मराठी प्रार्थनाही हळूहळू येईल. तोवर एक ओळ पुरे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. वसतिगृहात तुझ्याच भागातल्या आणखी मुली असतीलच, त्यांना घेऊन शुक्रवारी संध्याकाळी बस. धुळ्यात असलीस तर मलाही बोलाव, मला मावची येत नाही, पण मी ऐकत बसेन.

—

प्रश्न : वर्षात बायबल वाचून पूर्ण करण्याचा तक्ता मी जानेवारीत घेतला. लेवीयमध्ये अडकले आणि सोडले. आता उघडायलाच अपराधी वाटते. घरी सासूबाई आहेत, त्यांना दिसत नाही, मी वाचून दाखवावे अशी त्यांची फार इच्छा असते.
— एक गृहिणी, चाळीसगाव

उत्तर : तक्ता बाजूला ठेवा, ताई. बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोजचे तीनहून जास्त. घर, स्वयंपाक, सासूबाईंचे औषधपाणी सांभाळून ते प्रत्येकाला जमत नाही, आणि वर्षात संपवा अशी आज्ञा शास्त्रात कुठेही नाही. मार्कापासून सुरू करा. 16 अध्याय आहेत, त्याची गोष्ट धावत असते. सासूबाईंना रोज एक मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना विचारा, ‘आई, ह्यात तुम्हाला काय ऐकू आले?’ त्यांचे उत्तर आधी ऐका, मग तुमचे सांगा. मार्क झाला की लेवीयाकडे परत या, पण सगळे 27 अध्याय सलग नकोत. सोळावा घ्या, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, दोन बोकडांचा. त्याच बैठकीत इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचा. बोकडांचे रक्त वर्षातून एकदा का न्यावे लागे आणि आता का न्यावे लागत नाही, ते दोन्ही अध्याय शेजारी ठेवले की उलगडते. सासूबाईंना थोडी विश्रांती देऊन, दुपारच्या चहाआधी एक आणि नंतर एक असे वाचलेत तर त्यांना पेलेल.